रायत्यांच्या घरची ऊब

रायत्यांच्या घरातली ऊब रोज दिवेलागणीला उठून शेजारी ढोमसेंकडे जाऊन बसायची. जाताना दिसायची नाही, पण तिकडे पोचली की ढोमसेंच्या अंगणातलं कुत्रं पाय ताणून द्यायचं. दिवाळी नुकती सरली होती, निफाडची खरी थंडी अजून पुढेच होती, आणि इकडे हीटरशेजारी ठेवलेलं खोबरेल गोठत होतं. ढोमसे मात्र अंगणात बाजेवर नुसत्या बनियनवर. माणूस साधा वाटायचा. एकनाथराव रायत्यांना साध्या माणसांचाच जास्त संशय यायचा.

थंडीच्या आत घर बंदिस्त करायचं ठरलं. एकनाथरावांच्या बायकोचा, विमलबाईंचा, भाऊ भास्कर नाशकात खिडक्या बसवतो; तो रबराच्या पट्ट्या आणि पुट्टीचा डबा घेऊन आला. प्रत्येक फट बुजली की घर वीतभर आत यायचं. खिडक्या झाल्या तेव्हा कपाट अंगणात काढावं लागलं. दारं झाली तेव्हा तिघं गुडघ्याला गुडघे लावून बसली. घर लहान झालं की ऊब कमी लागते, असं भास्कर म्हणाला. हे एकनाथरावांना पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांना शंका आली. शिवाय बहीणभाऊ आताशा कुजबुजत नव्हते, कुजबुजायला जागाच नव्हती. डोळ्यांनी बोलत होते.

ऊब तरीही जायचीच. शेवटी भास्करने उदबत्ती लावली. धूर वळेल तिकडे गळती. धूर एकनाथरावांकडे वळला. ते हीटरच्या पलीकडे सरकले, तर धूरही सरकला.

“दाजी, स्वेटरची बटणं काढा.”

“मला सर्दी झालीय.”

“होणारच,” विमलबाई म्हणाल्या.

बरगडीखाली बोटभर भेग होती. दुखत नव्हती. भास्करने डोळा लावला आणि सांगितलं की पलीकडे ढोमसेंचं अंगण आहे, बाज आहे, आणि ढोमसे भेगेपुढे तळवे शेकतायत. एकनाथरावांनी वाकून पाहिलं, पण स्वतःच्या बरगडीत माणसाला डोकावता येत नाही. मेहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला. ही वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

विमलबाई कणीक मळावी तशी पुट्टी मळत होत्या.

“ही बुजवली की घर किती आत येईल?” एकनाथरावांनी विचारलं.

“येणार नाही. उलट मोकळं होईल.”

“किती?”

“एका माणसापुरतं.”

मी हिवाळाभर भिंतीला पाठ लावून उभा राहीन, कुणाला कळणारही नाही, असं एकनाथरावांनी सुचवून पाहिलं. भास्कर उदबत्तीची राख बघत राहिला.

“अहो, श्वास रोखा,” विमलबाई मायेने म्हणाल्या. संसारात ऐकायची सवय झालेली. त्यांनी रोखला.

पुट्टीचा पहिला गोळा बसला तेव्हा एकनाथराव ढोमसेंच्या बाजेवर होते. हवा सुरीसारखी होती. ढोमसे जरा सरकले.

“मला मे महिन्यात बुजवलं,” ते म्हणाले. “आमच्याकडं एसी घेतला होता. म्हणून हे बनियन.”

समोर, छातीच्या उंचीवर, हवेतच भेग होती. तिच्यातून ऊब येत होती, आणि पलीकडे घर दिसत होतं, चांगलं ऐसपैस. भास्कर पाय लांब करून बसला होता. एकनाथरावांनी तळवे पुढे केले. तेवढ्यात विमलबाईंचा पुट्टीने माखलेला अंगठा आला आणि कडा नीट दाबत, वरून खाली उतरू लागला.