गोलखांबांमधले अंतर

सात सामने, सात पराभव. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका हिमानी बोरकर यांना फुटबॉलमधले फारसे कळत नव्हते. दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, म्हणून कॉलेजच्या संघाचे व्यवस्थापकपद त्यांच्या गळ्यात पडले होते. परंतु एकदा मनात खटकलेली गोष्ट तशीच सोडून देणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

पराभवांचे खापर गोलरक्षक धम्मदीपवर फुटले होते. कर्णधार हर्षितने आधी त्याच्या हातमोज्यांच्या पिशवीला लिंबू आणि भिवापुरी मिरच्या बांधल्या. धम्मदीपने हसून बांधू दिल्या. त्या सामन्यात चार गोल झाले. आता शनिवारच्या शेवटच्या सामन्यातून त्याला वगळण्याचे घाटत होते.

"त्याचा हातच पुरत नाही, मॅडम," हर्षित म्हणाला.

"मिरच्यांचा पुरला का?"

हिमानींनी मोबाइलवरची सगळी चित्रणे मागवली आणि प्रत्येक गोल कुठून आत गेला, याच्या खुणा आलेख-कागदावर केल्या. एकवीसपैकी सतरा गोल खांबालगतचे होते. धम्मदीप दर वेळी योग्य दिशेला, योग्य क्षणी झेपावत होता. चेंडू त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून जात होता. अनाडी माणूस कुठेही चुकतो. चूक इतक्या शिस्तीने होत असेल, तर माणसाआधी उपकरण तपासावे, हे त्या पंधरा वर्षे प्रयोगशाळेत सांगत आल्या होत्या.

संध्याकाळी त्या टेप घेऊन कॉलेजच्या मैदानावर गेल्या. क्रीडाशिक्षक रुपराव चहाचा ग्लास हातात घेऊन जवळ आले.

"काहून मोजून राहिल्या, मॅडम? गोल काय पळून चालला?"

"रुंदी किती असायला हवी, सर?"

"चोवीस फूट."

"ही वीस आहे."

रुपरावांनी ग्लास खाली ठेवून स्वतः मोजले. मग पुन्हा मोजले. जुने खांब गंजले, म्हणून दोन वर्षांपूर्वी लकडगंजमधल्या एका वेल्डरकडून नवे करून घेतले होते.

"वरच्या आडव्या दांडीचा पाइप वीस फुटीच येते," ते सावकाश म्हणाले. "जोड दिला तर मधात वाकन, म्हणे. मी म्हटलं, बिनजोड कर."

सामने होत विद्यापीठाच्या मैदानावर. इथे फक्त सराव. धम्मदीपच्या अंगात वीस फूट मुरले होते. खऱ्या गोलात त्याचा अंदाज दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट कमी पडत होता.

सरावाला आलेल्या संघासमोर खांबांच्या बाहेर योग्य अंतरावर बांबू रोवले गेले. धम्मदीप मधोमध उभा राहून बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिला.

"म्हणजे चूक माझीच, मॅडम. फक्त शिकलेली."

"शनिवारी तूच उभा राहा गा," हर्षित खाली पाहत म्हणाला.

"माझ्याआधी गोलात कवडू होता," धम्मदीप म्हणाला.

मागच्या वर्षी सतत गोल खातो म्हणून रुपरावांनी कवडूला अर्ध्या हंगामात संघातून काढले होते. त्याने खेळ सोडला, आणि तो आपल्या गावी काटोलला परत गेला. हिमानींच्या मनात तत्क्षणी प्रश्न उभा राहिला: त्याचेही गोल खांबालगतचेच होते का? एकाच माणसावरून काढलेला निष्कर्ष त्यांना लंगडा वाटत होता.

"सर, पहिले त्याले फोन लावा," धम्मदीप म्हणाला. "मग मी उभा राहतो."

रुपरावांनी नंबर शोधला. पलीकडून आवाज येताच ते थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी पाइपापासून सगळे सांगितले, स्वतःचा भाग न वगळता.

"किती फूट म्हणता, सर?" कवडूने विचारले.

"वीस."

धम्मदीपने हातमोजे चढवले आणि तो बांबूंच्या मध्ये जाऊन उभा राहिला.