आधीच रडून गेलेली माणसं

चष्मेवाल्याचं कुणाशी वाकडं नव्हतं, तसं गोडही नव्हतं. नंबर तपासायचा, काचा बसवायच्या, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा तोंडाला कुलूप. एकटा जीव सदाशिव.

एका टळटळीत दुपारी एक बाई दुकानात आली आणि त्याच्याकडे पाहून ढसाढसा रडायलाच लागली.

"भाऊ, तुम्ही गाडीत घालून नेलंत म्हणून आई वाचली हो! आता आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"बाई, तुमची गल्लत होतेय. मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

तिनं ऐकलंच नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघावं तशी ती बघत होती. तो पाणी आणायला आत गेला. परत येतो तर दुकान रिकामं, आणि दाराची घंटा काही वाजली नव्हती.

आठवड्याभरात एक धिप्पाड गवंडी आला. "माझ्या पोरीला वाचायला शिकवलंत आणि असे अचानक गेलात," म्हणत हुंदके देत राहिला आणि तसाच नाहीसा झाला. तेव्हा चष्मेवाल्याला उमगलं. ही माणसं त्याच्याच मरणावर रडत होती, त्यानं अजून न केलेल्या उपकारांसाठी! मग काही केलंच नाही, तर मरणही टळेल. त्यानं गाडी विकायला काढली.

गाडीला गिऱ्हाईक मिळण्याआधीच त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. जिन्यात तीच बाई! तिनं मात्र त्याला ओळखलं नाही.

"नमस्कार, आम्ही कालच राहायला आलो."

तो घाईनं घरात शिरला आणि त्यानं कडी लावून घेतली.

एका सकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. "अहो, कुणी आहे का? आई पडलीय, डोळे उघडत नाहीये!"

तो कडीवर हात ठेवून श्वास रोखून उभा राहिला. ती शेजारच्या दाराकडे धावली. तिथं कुलूप. पुन्हा त्याच्या दाराशी आली आणि खालीच बसली. तिचं रडणं ऐकताना त्याला वाटलं, आजवर आपल्यासाठी असं दुसरं कोण रडलंय?

त्यानं दार उघडलं. "उठा. मी गाडी काढतो."

म्हातारी वाचली. आता दुपारची ती त्याच्या दुकानात ठाण मांडून बसते, त्याच्या घुमेपणाला नावं ठेवते. त्याला नुसती शिंक आली तरी लेकीला हाक मारते. मग दोघी गेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत राहतात. पण तो त्यांना जा म्हणत नाही.