न दिसणाऱ्या कामाची वेबसाइट

लेकीने वेबसाइट बनवली खरी, पण तिच्यावर दाखवायचं काय, इथेच घोडं अडलं. बाबा रफूगर. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून भोक असं विणून टाकायचे, की ते कुठे होतं हे कपड्यालाही आठवू नये. लेकीने फोटो काढले. एक बाही, एक कॉलर, एक पाठ.

"बाबा, हे तर साधे कपडे दिसतायत. काम कुठंय यात?"

"न दिसणं हेच काम."

"मग शेजारी फाटलेला असतानाचा फोटो लावू या."

"गिऱ्हाइकाचं फाटकं चव्हाट्यावर मांडू? विश्वासाने आणून देतात माणसं!"

आई खिडकीशी बसून बटणं निवडत होती. तिथूनच तिने सूर लावला,

"सखा माझा रफूगर, सुई त्याची चोरटी
भोक नेते पळवून, खूण नाही पाठी."

"झालं! आता ही साइटवर गाणार," रफूगर म्हणाला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच.

थट्टेखाली काळजी होती. हल्ली फाटलं की लोक टाकून देतात, नवं घेतात. लेकीच्या हट्टापायी त्याने एक महिना कबूल केला होता. तेवढ्यात साइटवरून एक तरी काम आलं तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप. आईला धास्ती वेगळीच. हा माणूस घरी बसला, तर आठवड्याभरात पडद्यांत भोकं शोधत फिरेल.

लेक रोज एक फोटो टाकायची, धुलाईच्या दुकानांत पत्त्याची कार्डं ठेवून यायची.

"बाबा, आज चाळीस जण येऊन गेले."

"दार तर वाजलं नाही."

"साइटवर आले हो!"

"मग 'या, बसा' तरी म्हणालीस का?"

चोविसाव्या दिवशी पार्सल आलं. साइटवरून ऑर्डर! नाव कुणा अनोळखी बाईचं, आत राखाडी स्वेटर, कोपराशी भोक. लेक नाचायचीच बाकी होती. रफूगराने भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिला. आईने तेच एक बटण तीनदा निवडलं.

तीन दिवसांनी त्याने स्वेटर घडी करून बायकोच्या मांडीवर ठेवला.

"घ्या बाई, तुमचं काम झालं."

"इश्श, माझं कुठलं?"

"झिजलेला धागा बारीक होतो, फाटलेला विस्कटतो. हा सरळ कापलाय, कात्रीने. तेही डाव्या हाताने." घरात डावखुरी एकच होती. "लग्नाआधी तुझी निळी शाल दुसऱ्यांदा दुकानात आली, तेव्हाही असाच काप होता."

आईने स्वेटरवरून मान वर केली. "म्हणजे... तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"गिऱ्हाइकाचं गुपित. बोलणार कसं?"

"आई!" लेक ओरडली. "बाबांना भेटायला शाल कापलीस तू?"

"पहिल्यांदा खरंच खिळ्याला अडकली होती गं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा खिळा सापडला नाही."

हसून हसून लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डोळे पुसले. "म्हणजे ही ऑर्डर खोटी."

"घरची ऑर्डर मी धरत नाही," रफूगर हळूच म्हणाला.

आई उठली. कपाटातून निळी शाल काढून तिने लेकीपुढे पसरली. "फाटकं माझं, गुपितही माझं. लाव फोटो. लिही, ही दोनदा फाटलीय, एकदा नशिबाने, एकदा मुद्दाम. कुठे ते शोधून दाखवा."

लोकांनी शोधलं. कुणी काठ म्हणालं, कुणी मधोमध, कुणी पडलेल्या सावलीवरच बोट ठेवलं. एकोणतिसाव्या दिवशी निरोप आला, 'हरलो. वडिलांचा कोट खिशाशी जळलाय, आणू का?'

रफूगराने बायकोकडे पाहिलं. "तुझी कात्री कुठंय?"

तिने रिकामे तळवे दाखवले.

दुसऱ्या दिवशी कोटवाला स्वतःच हजर. रफूगराने भिंग लावलं, करपलेली कड बोटाने चाचपली आणि हर्षाने ओरडला, "खरंच जळलाय हो!"

कोटवाला गोंधळून दोन पावलं मागे सरकला. आतून आई म्हणाली, "घाबरू नका. या, बसा."