तेल न प्यालेलं सूत

माझा नातू कोपोंग तोंडाचा गोड, पण कामात नुसता उधळ्या. डीकन झाला, अंगावर पांढरा झगा आला, जुलैत बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून त्याला फादर करणार हेही ठरलं. तरी पठ्ठ्या शनिवारी दिवस मावळेपर्यंत किनाऱ्यावर व्हॉलीबॉल खेळतो. रविवारी प्रवचन कुणाचं? त्याचंच. काही लिहिलं का? नाही. बायबलातलं त्या दिवशीचं वाचन उघडून तरी बघितलं? "आजी, पवित्र आत्मा शब्द देईल."

सप्टेंबरातल्या एका रविवारी पवित्र आत्म्यानं काय दिलं ते साऱ्या गावानं ऐकलं. चाळीस मिनिटं. नोहापासून निघाला, मधेच सेमिनरीतल्या मोटरसायकलवर चढला, तिथून मरियामातेकडे गेला आणि परत नोहाकडे आला. आमच्याकडे प्रवचन लांबलं की पुरुषमाणसं बाहेर आंब्याखाली जाऊन ताडाच्या पानाची विडी ओढतात. दहा मिनिटांत एक बाक रिकामा झाला, वीस मिनिटांत पुरुषांची अख्खी बाजू. मी पहिल्या बाकावर मान ताठ ठेवून बसले. खाली मान घालायची आमच्या घरात रीत नाही.

मिस्सा संपल्यावर फादर ग्रेगोर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इना पेनी..." मला इथे सगळेच इना म्हणतात, म्हणजे आई. फादरसुद्धा. "इना, बिशपांना मला पत्र लिहायचंय. पोरगा मनानं चांगला आहे. पण असाच उभा राहणार असेल तर मी लिहीन, अजून दोन वर्षं थांबा. नाताळाआधी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्याला पुन्हा उभा करतो. ते ऐकेन आणि लिहीन."

दोन वर्षं. मला शहात्तर संपली आहेत. त्याच्या दीक्षेला खांद्यावर माझ्या मागावरची लाल शाल घालायची, हे मी तो फादर व्हायला सेमिनरीत शिकायला गेला त्या दिवशीच ठरवलं होतं. आता दोन वर्षं कुणाच्या भरवशावर थांबू?

घरी आल्यावर त्याला ताट वाढलं आणि तोंडही सोडलं.

"आजी, येशूनंच सांगितलंय ना, काय बोलायचं याची चिंता करू नका, त्या घटकेला सुचेल म्हणून."

"ज्यांना बांधून कचेरीत ओढत नेतात त्यांना सांगितलंय ते. तुला कुणी ओढलं? रात्री दोन ताटं डुकराचं मटण हाणलंस आणि सकाळी आपल्या पायांनी वेदीवर चढलास."

"तू तिसरीपर्यंत शिकलीस. एवढं कुठून आणतेस?"

"तिसरीतच होतं ते. तू त्या दिवशी खेळायला गेला असशील."

हसला आणि अजून भात मागितला. आता याला काय करायचं?

आमच्या लाल रंगाला घाई सोसत नाही. आधी जंगली अक्रोड कुटायचे, त्याच्या तेलात सूत मळायचं, सावलीत वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायचं. असे बारा दिवस. मग बारतोंडीची मुळं आणि लोधाची साल यांच्या रंगात बुडवायचं. तेल प्यालं नाही तर सुताला रंग धरत नाही. आणि लबाडी अशी, की वाळल्यावर तीन दिवसांचं सूत आणि बारा दिवसांचं सूत डोळ्याला एकच दिसतं.

ऑक्टोबरात अदोनारा बेटावर माझी धाकटी बहीण वारली. होडीनं पलीकडे जाऊन दहा दिवस राहणं भाग होतं. सून मलेशियात कामाला, घरात हा एकटा. सूत तेलात घालून दोनच दिवस झाले होते. मी त्याला बजावलं, "रोज सकाळी मळायचं, वाळत घालायचं. रंगाच्या मडक्याला हात लावायचा नाही. ते बायकांचं काम."

"हो आजी."

परत आले तर अंगणात दोरीवर लालभडक सूत झुलतंय. खाली हा उभा, कोंबड्यासारखी छाती काढून.

"तुझं काम वाचवलं. बहिणीसाठी रडून आलीस, वर हे कशाला? सूत चांगलं वाळलं होतं. मडक्यात रंग तयारच होता. फादरांच्या स्वयंपाकीणबाईंना विचारून विचारून केलं सगळं."

"मळलं किती दिवस?"

"मी एक दिवस. तुझे दोन धरून तीन."

मायेनं केलं होतं, म्हणून मी जीभ दातांखाली धरली. माझ्या शेजारणी सांगतील, वर्षातून एकदा घडतं ते. एवढंच म्हटलं, "चल ओढ्यावर. तूच धू."

गुडघाभर पाण्यात उतरून त्यानं लडी बुडवली. पाणी लाल झालं. पिळली, पुन्हा बुडवली, पाणी आणखी लाल. खालच्या अंगाला शेजारची केवा कपडे धूत होती. ती ओरडली, "कोपोंग, वर डुक्कर कापतोयस का रे? निदान वाटा तरी पाठव." याच्या हातात राहिलं ते सुक्या जवळ्याच्या रंगाचं सूत.

त्यानं लडी उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "तयार दिसत होतं गं."

"दिसणारच."

ओढ्याकडे बघत हळूच म्हणाला, "आगमनाच्या रविवारचं वाचन मी अजून उघडलेलं नाही."

"ते तुझं तू बघ. मला अक्रोड फोडून हवेत. आज बसलास तर जुलैपर्यंत शाल होईल."

बसला. नवं सूत घेतलं आणि रोज पहाटे प्रार्थना झाली की तेलात हात घालून मळायचा. वाचन पाठ केलं. मळता मळता प्रवचन म्हणून दाखवायचा आणि मी छाटायची. पहिल्या दिवशी मोटरसायकल काढली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता नोहाही काढ.

"नोहा या वेळी वाचनातच आहे आजी. नाही काढता येत."

"मग त्याला होडी बांधू दे. हिंडवू नकोस."

त्यावर विचारात पडला. दुपारी उठून बोली सुताराकडे गेला. बोली आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या बांधतो. लाकूड किती दिवस वाळवता, कच्चं लावलं तर काय होतं, असं विचारत कोपोंग संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. आला तो अंगभर भुसा घेऊन. त्या शनिवारी व्हॉलीबॉलवाले हाक मारायला आले, तर हा खिडकीतूनच म्हणाला, "आज नाही रे, माझं अर्धंच झालंय."

तो रविवार आला. मी पहिल्या बाकावर. कोपोंग उभा राहिला. म्हणाला, बोलीकाकांच्या घराखाली दोन वर्षं लाकूड पडून आहे. येणारा-जाणारा हसतो, काका, सरपण का करत नाही? काका म्हणतात, वादळात हे माझ्या मुलांच्या पायाखाली असणार आहे. नोहालाही लोक असेच हसले असतील, कारण त्यानं महापुरासाठीच्या होडीचं लाकूड तोडलं तेव्हा ऊन होतं. प्रभू कधी येईल ते कुणालाच माहीत नाही, म्हणून रोजचं रोज करून ठेवायचं. सकाळची प्रार्थना सकाळी. भावाशी भांडण झालं तर झोपण्याआधी त्याच्या दारात जायचं. मरताना एकदम क्षमा करू म्हटलं तर तोंडाला सवय नसते.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला बोली उठला. मला वाटलं, निघाला आंब्याखाली. पण त्यानं जाऊन खिडकी लावली, बाहेरच्या गाडीच्या आवाजानं ऐकू येत नव्हतं म्हणून. परत येऊन बसला. कोपोंगनं आणखी दोन वाक्यांत तेच पुन्हा सांगितलं आणि संपवलं. आंब्याखाली कुणीही नव्हतं. आणि मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर मारान घरातले दोघे भाऊ, पाच वर्षं एकमेकांकडे न बघणारे, एका काडीवर विडी पेटवत उभे होते.

फादर ग्रेगोर मला म्हणाले, "इना, आज दुपारीच लिहितो. जुलै म्हणून." मी म्हटलं, "लिहा, आणि शाईचं पेन घ्या, खोडता येऊ नये."

कोपोंग झगा काढून आला. घामानं भिजलेला.

"कसं झालं आजी?"

"शेवटची दोन वाक्यं जास्त झाली," मी म्हटलं. "लोकांना कळलं होतं, तरी पुन्हा सांगितलंस. बाकीचं ऐकण्यासारखं होतं. तुझ्या आजोबांनीसुद्धा विडी राखून ठेवली असती. आता घरी चल, आणि पुढच्या रविवारचं वाचन जेवायच्या आधी मला वाचून दाखव."