चाळीस जणांचा अंदाज

विद्यापीठात सायली शिकवायची की एकट्याच्या अकलेला फार भाव देऊ नये. चाळीस माणसांचे अंदाज एकत्र केले की एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत जिरते आणि खऱ्याच्या जवळचं काहीतरी हाती उरतं. त्यात संगणकाची बुद्धी मिसळली की दुधात साखर. अट एकच, प्रत्येकाने आपलं उत्तर एकेकट्याने द्यायचं.

आणि हीच शहाणी आपल्याच गावात, मुळगावात, ती अट विसरली! खाणीच्या ढिगाऱ्याखालचा शेतबांध यंदा टिकेल का, एवढाच प्रश्न. ती घरोघर निघाली, तर लोक म्हणाले, "एकेकट्याक कित्याक विचारता? देवळात ये." आपल्याच माणसांपुढे हट्ट कसला धरायचा, म्हणून ती गेली. देवळात चाळीस जण जमले होते. पहिला शब्द तिच्या वडिलांचा. शांताराम तीस वर्षं तो बांध राखत होते. "टिकतलो," ते म्हणाले. मागून एकेक जण तेच म्हणत गेला. वडीलधाऱ्याचा शब्द खोडायची तिथे रीत नव्हती.

तिची आई तारा मात्र चहाचे पेले गोळा करताना बोलून गेली, "औंदा टिकचो ना. गवत कापताना पायांक थंड लागता. बुडांतल्यान पाणी झरता." सगळे हसले, शांतारामही.

विद्यापीठात परतल्यावर सायलीने सगळी उत्तरं संगणकात भरली. त्याने ते एकमेव नकाराचं उत्तर भरकटलेलं ठरवलं आणि काढून टाकू का, असं विचारलं. सायलीने होय म्हटलं. मग घरी फोन लावला. "आई, ब्याण्णव टक्के टिकणार."

"तुझें मशीन म्हणता जाल्यार टिकतलो," तारा म्हणाली. लेकीच्या शिक्षणापुढे तिने आपल्या पायांचं ऐकणं सोडलं आणि रोजच्यासारखी बांधाखाली गवताला जात राहिली.

श्रावणात एका सकाळी बांध फुटला. तारा दुपारी लाल चिखलात सापडली.

बाराव्याला माणसं पांगल्यावर शांताराम लेकीजवळ येऊन बसले. इतक्या दिवसांत ते धड जेवले नव्हते. "बाय, आमी चाळीस जाण चुकले, न्ही गे? चाळीसांक कळलें ना, थंय हांव एकटो कितें करतलों?"

सायलीने आदल्याच दिवशी सगळी उत्तरं पुन्हा पाहिली होती. ती चाळीस नव्हतीच. एकाच माणसाचं उत्तर चाळीस वेळा लिहिलेलं होतं, आणि दुसरं जे होतं ते तिने आपल्या हाताने पुसलं होतं. वडिलांच्या तोंडाकडे पाहताना तिचं काळीज तुटलं.

"होय बाबा," ती म्हणाली, "चाळीसही जण चुकले."