मावशीचा लांब आ

मावशीचं शिलाई मशीन चालत होतं, चाक फिरत होतं, सुई खालीवर होत होती. पण सुईच्या मागोमाग धावणारं तिचं गुणगुणणं नव्हतं. मी दारातच थबकले.

"शुक्रवारी येऊ नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "ऑपरेशन रद्द करतेय."

घशातली गाठ साधी होती. ती काढली की आवाज मोकळा होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

"का गं?"

"आवाजच उरला नाही, मग ऑपरेशन कशाला? तुझंच पान सांगतंय."

माझं पान म्हणजे मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी बनवलेलं वेबपान. पेशंटनं घरी आपल्या फोनच्या ब्राउझरमध्ये ते उघडायचं, एका श्वासात जमेल तितका लांब 'आ' म्हणायचा. पान सेकंद मोजतं. कापडावर खुणा करायच्या खडूनं मावशीनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवलं होतं: तीन. तीन. अडीच. तीन.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ही तीन सेकंदांत गप्प होतेय," काका खुर्चीतून म्हणाले. पण हसले नाहीत.

"मावशी, एकदा माझ्यासमोर म्हण."

तिनं फोन मशीनवर ठेवला, पाठ ताठ केली, श्वास घेतला. आऽऽऽ. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. आवाज जरा खरखरीत, पण रिळावरून सुटलेल्या दोऱ्यासारखा अखंड. अकरा सेकंद! फोनवर आलं, तीन.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ लाज वाटली. ब्राउझर आपला आवाज पानाला जसाच्या तसा देत नाही. समोरच्याला बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बाकीचं गाळतो. एकसारखी घरघर आली की पंखा समजून पुसून टाकतो. मावशीचा लांब, एकसुरी आ त्यानं पंख्यात जमा केला होता. गाळणी बंद ठेव, असं पानानं त्याला सांगावं लागतं. मी ते लिहिलंच नव्हतं. ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवर आवाज न गाळता येत होता. तेवढ्यावर तपासून मी हात झटकले होते.

इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तीन सूचना लिहिल्या: प्रतिध्वनी पुसू नको, गोंगाट गाळू नको, आवाज आपल्या मनानं लहानमोठा करू नको. फोनवर पुन्हा आ. चार.

"बंद केलं म्हणतोय, पण करत नाहीये," मी म्हणाले.

"जुना आहे तो. ह्यांच्यासारखाच, हो म्हणतो आणि जागचा हलत नाही."

काकांनी मुकाट्यानं आपला टॅबलेट पुढं केला. त्यानं मात्र सूचना पाळल्या. अकरा.

मी टॅबलेटवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात पंखा होता, काकांची शिंक होती, खिडकीबाहेरचा हॉर्न होता, आणि या सगळ्यांतून वाट काढत चाललेला मावशीचा आ होता. ती मान तिरकी करून ऐकत राहिली.

"हा माझा?"

"तुझाच. आवाज गेलाच नव्हता, मावशी. चूक माझी होती."

वाटलं, आता रागावेल. तिनं चष्मा पुसला.

"अगं, मग बाकीच्यांना आधी कळव. कोण कोण माझ्यासारखं गप्प बसलं असेल."

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. घरून आलेले आकडे धरू नका, चूक पानाची आहे, प्रत्येक पेशंटला तसं सांगा. आणि पान नीट होईपर्यंत बंद ठेवते.

फोन ठेवला तेव्हा कपाटाचं दार पदरानं पुसलेलं होतं. त्यावर एकच आकडा होता, अकरा.

"शुक्रवारी किती वाजता निघायचं?" मावशीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीनचं पायडल दाबलं.

सुई चाले पुढं, दोरा धावे मागं मागं,
फाटलं सांधाया बाई, थोडा धीर लागं.

पुढचे शब्द तिला आठवेनात. मग नुसतंच गुणगुणणं राहिलं, लांब, एकसुरी, मशीनच्या घरघरीत मिसळलेलं.