शदलिया खेकडे सोलते

निळा खेकडा आमच्या केर्केना बेटांवर मूळचा नाही. सुवेझच्या कालव्यातून आला म्हणतात. आमच्या लोकांनी त्याचं नाव दाएश ठेवलं, दिसेल ते उद्ध्वस्त करणाऱ्या त्या बंदूकवाल्या टोळीवरून.

माझा धाकटा भाऊ लझहर उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण घालून मासे धरायचा. खेकडे आले आणि कुंपणाच्या टोकाला लावलेल्या पिंजऱ्यात माशांची नुसती डोकी नि काटे उरायला लागले. जाळी रोज फाटलेली, बोटं कापलेली. शेवटी तो म्हणाला, "खोल पाण्यात जातो."

"त्या टोपलीएवढ्या होडीतून?" त्याची बायको शदलिया भडकली.

"मग काय घरात बसून तुझ्याबरोबर मिरच्या निवडू?"

गेला. दुपारी वारा फिरला. होडी संध्याकाळी सापडली, उलटी. तो चार दिवसांनी सापडला, किनाऱ्याजवळच, उथळ पाण्यात.

चुलतभाऊ नाजीने मयत कफनात डोक्यावरून घट्ट बांधूनच आणलं. "वहिनी, तोंड नका बघू."

"का? कशाने?" तिने कापडावरूनच हात फिरवला. गालाच्या जागी आला तिथे कापड आत गेलं. ती उठून आत गेली. रडली नाही.

पुढे बंदरावर कारखाना निघाला. तेच खेकडे उकडून, सोलून परदेशी जायचे. बेटावर बायकांना दुसरं काम नव्हतं आणि शदलियाच्या पदरात दोन मुली.

"तू नको जाऊस," मी म्हटलं, "मी जाते."

"वन्सं, तुमचे गुडघे नमाजाला वाकत नाहीत, दिवसभर उभ्या काय राहणार?"

शेवटी दोघी गेलो. मला स्टुलावर बसून डबे भरायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी तिने खेकडा उचलला, कवच उपटलं आणि आतलं बोटाने चिवडून बघत राहिली. मग दुसरा. तसाच तिसरा. मुकादम खेकसला, "बाई, सोलायचाय, मयत तपासायचं नाही!"

लझहरचं त्याला ठाऊक नव्हतं. शदलियाने मान वर केली नाही, फक्त हात भराभर चालवू लागली. आता तिच्याइतकं जलद कुणी सोलत नाही.

परवा थोरली मुलगी जेवताना म्हणाली, "आई, शेजारी खेकड्याचा रस्सा करतात. गोड लागतो म्हणे. एकदा करूया ना?"

शदलिया रव्याचं कुसकुस वाढत होती. "लागत असेल," ती म्हणाली. मुलीच्या ताटात वाढून झाल्यावर ती मोरीत गेली आणि कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिली. आम्ही जेवण उरकलं.